ब्लू बॅजची पात्रता नेमकी कशावर ठरते? सासूबाईंचा अर्ज नामंजूर झाला आहे

थेम्सकाठची (प्रश्न):

नमस्कार. आम्ही दक्षिण इंग्लंडमध्ये राहतो आणि माझ्या सासूबाई आमच्यासोबत असतात. सासऱ्यांबरोबर त्या १९७० च्या दशकात इकडे आल्या. आता त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. दोन्ही गुडघ्यांची झीज बरीच झाली आहे, आणि फुफ्फुसांच्या जुनाट विकारामुळे चार पावले चालले तरी त्यांना धाप लागते. त्यांना अटेंडन्स अलाउन्स (रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत लागणाऱ्या वृद्धांसाठीचा सरकारी भत्ता) मिळतो. गाडीतून त्यांना कुठेही नेता येते, पण गाडी लावायला जागा लांब मिळाली की पुढचे सगळे अवघड होऊन बसते. परवा दवाखान्याच्या रस्त्याच्या टोकाला गाडी लावावी लागली, तेव्हा त्या एका हातात काठी घेऊन आणि दुसऱ्या हाताने घरांपुढच्या बुटक्या भिंतींचा आधार घेत, प्रत्येक फाटकापाशी थांबत चालल्या होत्या. औषधांच्या दुकानाच्या खिडकीखालच्या कट्ट्यावर त्या टेकल्या, तेव्हा त्यांना बोलताही येत नव्हते. मी काही विचारले की नुसता तळहात दाखवून मला थांबायला सांगत होत्या.

आम्ही कौन्सिलकडे (इथल्या स्थानिक प्रशासनाकडे) ब्लू बॅजसाठी, म्हणजे अपंगांना पार्किंगची सवलत देणाऱ्या परवान्यासाठी, अर्ज केला होता. अर्जात दोन्ही आजारांची नावे लिहिली आणि जीपींचे, म्हणजे फॅमिली डॉक्टरांचे, पत्र जोडले. त्यानंतर एका बाईंनी सासूबाईंशी फोनवर बोलून मूल्यमापन केले आणि अर्ज नामंजूर झाल्याचे पत्र आले. अर्जदार ८० मीटरपेक्षा अधिक अंतर चालू शकतात आणि त्यांच्या चालण्यात फार मोठी अडचण दिसून येत नाही, असे कारण त्यात दिले आहे. फोनवर सासूबाईंनी, मी रोज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येते, असे सांगितले होते. ते खरेही आहे. पण त्या कशा जातात आणि त्यांना किती वेळ लागतो हे ना कोणी विचारले, ना त्यांनी आपण होऊन सांगितले.

माझे प्रश्न असे आहेत. सरकार ज्यांना अपंगत्वामुळे भत्ता देते, त्यांना बॅज का मिळू नये? जीपींच्या पत्राला काहीच वजन नसते का? आणि किती चालता आले म्हणजे माणूस अपात्र ठरतो, याचा काही ठरलेला निकष आहे का?

जुना_लेस्टरकर:

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण आमच्या घरी हेच झाले होते. इंग्लंडमध्ये बॅज मिळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गाने जाणाऱ्यांचे वेगळे मूल्यमापन होत नाही. ठरावीक सरकारी लाभाचे पत्र दाखवले की काम होते. डीएलए या अपंगत्वाच्या सरकारी भत्त्यातील हालचालींसाठीचा वरचा दर मिळणारे, तशाच पीआयपी या भत्त्यात चालण्याफिरण्याच्या निकषावर ८ किंवा अधिक गुण मिळालेले, दृष्टी गंभीररीत्या बाधित असल्याची नोंद असलेले, आणि युद्धात अपंगत्व आल्यामुळे प्रवासासाठी पूरक भत्ता मिळणारे माजी सैनिक ही त्यातली मुख्य मंडळी. बाकी सर्वांना दुसऱ्या मार्गाने जावे लागते आणि तेथे निर्णय कौन्सिल घेते.

अटेंडन्स अलाउन्स पहिल्या मार्गात बसत नाही, मग तो कितीही वरच्या दराने मिळत असो. आंघोळ, कपडे, जेवण, रात्रीची देखरेख यांसाठी दुसऱ्याची मदत किती लागते, एवढेच त्यात पाहिले जाते. चालण्याचा विचार त्यात मुळी केलेलाच नाही. पीआयपीमध्ये तो केलेला आहे, परंतु सरकारी निवृत्तिवेतनाचे वय उलटल्यावर पीआयपीसाठी नव्याने अर्ज करता येत नाही. परिणाम असा होतो की साठीच्या माणसाला एका पत्रावर जो बॅज मिळतो, त्यासाठी तितकेच गुडघे झिजलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाला प्रत्येक पाऊल सिद्ध करून दाखवावे लागते. ही रचना मला मुळीच पटत नाही. पण नियम सध्या असा आहे, आणि तो धरूनच आपल्याला पुढे जायचे आहे.

अटेंडन्स अलाउन्सचे पत्र मात्र फेकून देऊ नका. त्याने पात्रता सिद्ध होत नसली, तरी पूरक पुरावा म्हणून ते जरूर जोडावे.

ओटी_मावशी:

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी), म्हणजे आजारी किंवा अपंग व्यक्तींना रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणारी तज्ज्ञ, आहे आणि काही वर्षे एका कौन्सिलसाठी हीच मूल्यमापने करत होते. आता त्या कामात नाही, त्यामुळे थोडे मोकळेपणाने लिहिते.

सर्वांत आधी हे लक्षात घ्यावे की आजाराच्या नावावर बॅज मिळत नाही. संधिवात असलेली एक बाई दोन मैल चालते आणि दुसरीला दारातून फाटकापर्यंत जाववत नाही, त्यामुळे नुसते निदान वाचून आम्हाला काहीच ठरवता येत नसे. आम्ही पाहत होतो ते घराबाहेरचे चालणे: किती अंतर, किती वेळात, किती वेळा थांबून, कशाच्या आधाराने, आणि त्यानंतर शरीराची काय अवस्था होते. आपण अर्जात दोन आजारांची नावे लिहिली; पण दवाखान्याच्या रस्त्याचे जे वर्णन वर केले आहे, ते अर्जात होते का? नसेल, तर निर्णय घेणाऱ्यापुढे ती माहिती गेलेलीच नाही.

आता ८० मीटरविषयी. परिवहन खात्याने कौन्सिलांना दिलेल्या मार्गदर्शिकेत अंतरांचा उल्लेख आहे, पण ८० मीटर ओलांडले की माणूस आपोआप बाद, असे त्यात म्हटलेले नाही. एकूण ३० मीटरही चालता येत नसेल, तर चालण्यात फार मोठी अडचण आहे असे धरता येते. ३० ते ८० मीटरच्या दरम्यान चालण्याची गती, ढब, धाप आणि वेदना हे सगळे एकत्र तोलून पाहायचे असते. ८० मीटरच्या पुढे चालू शकणारी व्यक्ती अपात्र ठरते, पण इतर कोणत्याही कारणाने तिच्या चालण्यात फार मोठी अडचण दिसत नसेल तरच. आपल्याला आलेल्या पत्रातील वाक्याचा दुसरा भाग म्हणूनच महत्त्वाचा आहे आणि आपला आक्षेप तेथेच असायला हवा.

गतीचेही तसेच आहे. सर्वसाधारण माणूस मिनिटाला सुमारे ९० मीटर चालतो. विश्रांतीचे थांबे धरून मिनिटाला ४० मीटरही होत नसतील, तर ती अतिशय संथ गती मानली जाते. कोपऱ्यावरचे दुकान समजा शंभर मीटरवर आहे आणि तेथे पोचायला सासूबाईंना दहा मिनिटे लागतात. म्हणजे मिनिटाला दहा मीटर झाले. फोनवरच्या बाईंना अंतर कळले, ही दहा मिनिटे कळली नाहीत. तेव्हा घड्याळ लावून एकदा नीट मोजा आणि कोठून निघालो, कोठे पोचलो, मध्ये कोठे कोठे थांबलो हे जागेच्या नावानिशी लिहा. धाप कधी लागते हेही नेमके लिहावे लागते. चढावर लागते, सपाटीवर बरोबरीच्या माणसासोबत चालताना लागते, सपाटीवर आपल्याच गतीने चालतानाही लागते की कपडे बदलतानाच लागते, या चार गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या वर्णनावरून सासूबाई निदान तिसऱ्या पायरीवर आहेत.

जीपींच्या पत्राबद्दल सांगायचे, तर बॅज द्यायचा की नाही हे त्यांनी ठरवायचे नसते. इंग्लंडमध्ये २०१२ च्या सुधारणांपासून भर आहे तो रुग्णावर स्वतः उपचार न करणाऱ्या, हालचालींचे मूल्यमापन जाणणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञावर, म्हणजे बहुधा ओटी किंवा फिजिओथेरपिस्टवर. 'माझ्या या रुग्णास बॅज मिळावा अशी माझी शिफारस आहे' एवढेच पत्र असेल, तर वाचणाऱ्याला त्यातून चालण्याविषयी काहीच कळत नाही. त्यापेक्षा फुफ्फुसांच्या क्लिनिकची पत्रे, श्वसनचाचणीचे निकाल, गुडघ्यांविषयी हाडांच्या डॉक्टरांचे मत, फिजिओथेरपी कधी घेतली व तिचा उपयोग किती झाला याची नोंद, आणि औषधांची मात्रेसह पूर्ण यादी अधिक उपयोगी पडते. काठी किंवा वॉकर कोणी दिला हेही लिहावे. रुग्णालयाने तपासून दिलेली काठी आणि बाजारातून आणलेली काठी यांकडे सारख्याच नजरेने पाहिले जात नाही. हे थोडे अन्यायाचे आहे, पण तसे होते खरे.

एक गोष्ट आधीच तपासून ठेवा. अडचण निदान तीन वर्षे टिकणारी असावी, अशी इंग्लंडमध्ये अट आहे. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांचे नाव प्रतीक्षायादीत असेल, तर शस्त्रक्रियेनंतर त्या बऱ्या चालू लागतील या कारणाने अर्ज फेटाळला जाऊ शकतो. फुफ्फुसांच्या स्थितीमुळे ती शस्त्रक्रिया करता येणार नसेल, किंवा ती करूनही धाप कायम राहणार असेल, तर तसे त्या डॉक्टरांच्या पत्रात स्पष्ट यायला हवे. याउलट सामान उचलता येत नाही, दुकान लांब आहे, आमच्या भागात बस नाही, या अडचणी कितीही खऱ्या असल्या तरी पात्रतेत त्या मोजल्या जात नाहीत; त्यांच्यावर अर्जातली जागा खर्च करू नये.

शेवटचे आपल्या माणसांविषयी. मराठी, गुजराती, पंजाबी, सगळ्याच घरांतल्या वडीलधाऱ्यांचा मला हा अनुभव आला. परक्या माणसाने प्रकृती विचारली की 'बरी आहे' हेच उत्तर तोंडातून आपसूक येते. आपले दुखणे चारचौघांत उगाळू नये असे ज्यांच्यावर लहानपणापासून बिंबवलेले असते, त्यांच्याकडून फोनवर पाच मिनिटांत खरी परिस्थिती बाहेर येणे कठीण असते. माझ्यासमोर एक आजोबा दाराच्या चौकटीला धरून कसेबसे उभे होते आणि तशा स्थितीतही रोज बागेत फेरी मारतो म्हणून सांगत होते. तेव्हा मूल्यमापन फोनवर न करता प्रत्यक्ष करावे, अशी लेखी विनंती करा. त्या वेळी घरातल्या कोणीतरी सोबत असावे, आणि इंग्रजीत बोलताना त्यांना संकोच वाटत असेल तर दुभाषी मागावा. त्यांनी अतिशयोक्ती करावी असे मी मुळीच म्हणत नाही. जाऊन येते याच्यापुढे कशी जाऊन येते, एवढे वाक्य त्यांनी पूर्ण केले तरी पुरे.

केंटमधली_आई:

चर्चा चालण्याभोवती फिरत आहे म्हणून एक भर घालते. ३० ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडमध्ये वरवर न दिसणाऱ्या अडचणींसाठीही बॅज मिळू शकतो. माझा मुलगा स्वमग्न आहे. तो पळू शकतो, आणि आमची अडचण नेमकी तीच आहे. वाहनतळावर एखाद्या गाडीचा भोंगा वाजला की तो हात सोडवून गाड्यांमध्ये धावत सुटतो. वाहनांजवळ स्वतःला किंवा इतरांना सतत गंभीर धोका असणे, प्रवासाचा मार्ग ठरवणे किंवा पाळणे अत्यंत कठीण जाणे, स्वतःच्या वागण्यावर ताबा न राहणे, मोकळ्या किंवा सार्वजनिक जागांची पराकोटीची भीती वाटणे, अशा कारणांचा विचार आता होतो. निदानाच्या पत्राबरोबर मी शाळेच्या विशेष गरजांच्या आराखड्यातला सुरक्षिततेचा भाग आणि घडलेल्या प्रसंगांची तारीखवार नोंद जोडली होती. मूल्यमापन करणाऱ्यांनी सर्वाधिक प्रश्न त्या नोंदीवरच विचारले.

पीआयपी घेणाऱ्या मोठ्यांसाठी एक गुंता आहे, तो आधीच पाहून घ्या. प्रवासाच्या निकषात १० गुण दोन वेगवेगळ्या कारणांनी मिळू शकतात. तीव्र मानसिक त्रासामुळे कोणताच प्रवास करता येत नाही, या कारणाने ते मिळाले असतील तर बॅज आपोआप मिळतो. अनोळखी रस्त्यावर सोबत लागते म्हणून मिळालेल्या १० गुणांवर तो तसा मिळत नाही. गंमत म्हणजे त्याच निकषात १२ गुण मिळवणाराही आपोआप पात्र ठरत नाही आणि त्याला कौन्सिलच्या मूल्यमापनातून जावे लागते. पत्रात गुणांसोबत कारणाचे वाक्यही छापलेले असते. अर्जाला ते पान जोडावे.

बोरीबंदर_ते_बर्मिंगहॅम:

याच विषयाला धरून एक शंका विचारतो. माझे आई-वडील नाशिकहून उन्हाळ्यात सहा महिन्यांच्या व्हिसावर येत आहेत. वडिलांकडे भारताचे यूडीआयडी कार्ड असून त्यावर ६० टक्के अपंगत्व नोंदलेले आहे. ते कार्ड गाडीत दर्शनी लावले तर चालेल का, किंवा त्यांच्यासाठी तात्पुरता बॅज मिळेल का?

जुना_लेस्टरकर:

दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे. बॅज येथे राहणाऱ्या व्यक्तीला तिची स्थानिक कौन्सिल देते, आणि पाहुणे म्हणून आलेल्यांना तो मिळत नाही. यूडीआयडी कार्डाला येथील रस्त्यावर पार्किंगसाठी मान्यता नाही. ते लावून राखीव जागेत गाडी उभी केलीत तर दंडाची पावती तुमच्याच नावाने येईल. तरी काही गोष्टी करता येतात. साध्या पिवळ्या रेषांवर (जेथे एरवी गाडी लावण्यास मनाई असते) प्रवाशांना उतरवण्यापुरते आणि चढवून घेण्यापुरते थांबता येते, तेव्हा वडिलांना दारात उतरवून मग गाडी लांब लावावी. लाल रेषांच्या रस्त्यांवर मात्र हे करू नका. पुष्कळ शहरांच्या मध्यभागी शॉपमोबिलिटीची केंद्रे असतात, तेथे चाकाची खुर्ची किंवा स्कूटर वापरायला मिळते. संग्रहालय, मंदिर किंवा दुकानाच्या स्वतःच्या आवारात जायचे असेल, तर आधी फोन करून परिस्थिती सांगावी. २०१० च्या इक्वॅलिटी अॅक्टप्रमाणे अपंग ग्राहकांसाठी वाजवी सोय करणे हे त्यांचे कर्तव्य आहे आणि बहुतेक जण ती आनंदाने करतात.

ज्यांचे आई-वडील अवलंबित म्हणून कायमचे राहायला आले आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. सरकारी निधी घ्यायचा नाही अशी अट असेल, तर पीआयपी आणि अटेंडन्स अलाउन्स त्या अटीत येतात. ब्लू बॅज त्या यादीत नाही. त्यामुळे त्यांनी कौन्सिलच्या मूल्यमापनाच्या मार्गाने अर्ज करायला हरकत नाही.

थेम्सकाठची:

सर्वांचे मनापासून आभार. दवाखान्याच्या रस्त्याचे वर्णन अर्जात नव्हते. रकान्यात आजारांची नावे आणि 'चालायला त्रास होतो' एवढेच होते. फुफ्फुसांच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला भूल देण्यास नकार दिला आहे आणि त्याचे पत्र घरात आहे, ते आता जोडते. आता फेरविचार मागावा की नवा अर्ज करावा? आणखी एक: बॅज मिळाला आणि सासूबाई घरी असल्या, तर त्यांची औषधे आणायला जाताना मला तो वापरता येईल का?

ओटी_मावशी:

ते पत्र फार मोलाचे आहे, सर्वांत वर जोडा. प्रकृती पूर्वीइतकीच असेल आणि महत्त्वाची माहिती विचारात घेतली गेली नसेल, तर फेरविचार मागावा. प्रकृती अधिक बिघडली असेल तर नवा अर्ज करावा. आपल्या बाबतीत फेरविचार योग्य वाटतो. नकाराची कारणे देणे कौन्सिलला बंधनकारक आहे, म्हणून आपल्या पत्रात त्यांचे एकेक कारण उद्धृत करून त्याखाली आपला पुरावा मांडा. नकाराविरुद्ध पीआयपीसारखे न्यायाधिकरण येथे नाही. कौन्सिलची तक्रारप्रक्रिया पूर्ण झाल्यावर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बुड्समन या स्वतंत्र तक्रार निवारकाकडे जाता येते, पण निर्णय योग्य रीतीने घेतला गेला का, हे ते पाहतात. चालण्याची मोजणी ते नव्याने करत नाहीत.

औषधांच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. बॅज गाडीचा नसतो आणि कुटुंबाचाही नसतो. तो त्या व्यक्तीचा असतो. सासूबाई त्या प्रवासात सोबत नसतील, तर तो लावणे हा गुन्हा ठरतो. एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि बॅजही जाऊ शकतो. उलट त्या ज्या गाडीने जातील, मग ती शेजाऱ्याची असो की टॅक्सी असो, त्या गाडीत तो लावता येतो.

जुना_लेस्टरकर:

अर्ज सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा थेट कौन्सिलकडेच करा. इंग्लंडमध्ये बॅजचे शुल्क १० पौंडांहून अधिक नसते. त्याहून जास्त मागणारी संकेतस्थळे मधल्या दलालांची असतात. बॅज मिळाल्यावर सोबत निळे घड्याळ येईल. पिवळ्या रेषांवर गाडी लावताना पोचल्याची वेळ त्यावर लावून बॅजशेजारी ठेवायची असते, आणि तेथे तीन तासांपर्यंतच थांबता येते. पदपथाच्या कडेवर आडव्या पिवळ्या खुणा असतील तर तेथे माल चढवण्या-उतरवण्यास बंदी असते आणि बॅजची सवलतही चालत नाही. मध्य लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर, सिटी ऑफ लंडन, केन्सिंग्टन अँड चेल्सी आणि कॅम्डनचा काही भाग यांचे नियम निराळे आहेत. तिकडे जाण्यापूर्वी त्या त्या कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहून निघावे.